एकच गाडी, मायलेज मात्र वेगळे

गाडी घ्यायची ठरली की घरात माहितीपत्रकांचा ढीग जमतो. मुलांची नजर सनरूफवर असते. मागच्या सीटवर सहज चढता-उतरता येईल ना, ही आजी-आजोबांची काळजी असते. हप्ते भरणाऱ्याचा प्रश्न मात्र ठरलेला, "ॲव्हरेज किती देते?" या प्रश्नाला एकच उत्तर असेल असे आपण धरून चालतो. पण पत्रक नीट वाचले की एकाच नावाच्या गाडीसमोर दोन-तीन, कधी चार आकडेही दिसतात.

मारुती सुझुकीची ब्रेझा २०२२ मध्ये नव्या रूपात आली, तेव्हाचे आकडे पाहा. इंजिन तेच १.५ लिटरचे, गिअरही हातानेच बदलायचे. तरी एलएक्सआय आणि व्हीएक्सआय या खालच्या मॉडेलांचे मायलेज लिटरला २०.१५ किलोमीटर होते, तर झेडएक्सआय आणि झेडएक्सआय प्लस या वरच्या मॉडेलांचे १९.८९. दोन्ही एकाच घरची भावंडे! मग हा फरक येतो कुठून? आणि मॉडेल निवडताना त्याला किती महत्त्व द्यायचे?

आकडा ठरतो कसा?

हे आकडे रोजच्या रस्त्यावर मोजलेले नसतात. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या 'एआरएआय'सारख्या मान्यताप्राप्त संस्थेत गाडीची चाके रोलरवर ठेवतात. गाडी जागच्या जागी उभी, चाके मात्र फिरत राहतात. किती वेग घ्यायचा, केव्हा थांबायचे, सारे ठरलेले असते. सुमारे वीस मिनिटांच्या या परीक्षेत वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही. आजवर जाहीर होत आलेले आकडे एसी बंद ठेवून मोजलेले आहेत. भर उन्हात चार माणसे बसवून, एसी लावून निघालेल्या गाडीकडून त्या आकड्याची अपेक्षा धरणे म्हणूनच व्यर्थ. पण सगळ्या गाड्यांना प्रश्नपत्रिका एकच असल्याने तुलनेसाठी तो उपयोगी पडतो.

या परीक्षेत रोलरवरचा भार गाडीच्या वजनानुसार लावला जातो. फरकाचे पहिले कारण इथेच सापडते.

वजन, चाके आणि हवा

सनरूफची काच आणि तिची मोटर, जास्तीचे स्पीकर, मोठी चाके... वरच्या मॉडेलमध्ये किलो-किलोने वजन वाढत जाते. सिग्नलला थांबलेल्या गाडीला पुन्हा वेग देताना यातला प्रत्येक किलो इंजिनाला ढकलावा लागतो. पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ती सारी मेहनत उष्णता होऊन वाया जाते. म्हणून वजनाचा फटका महामार्गापेक्षा शहरात जास्त बसतो. अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार १०० पौंड, म्हणजे साधारण ४५ किलो वजन वाढले, तर मायलेज सुमारे १ टक्क्याने घटते.

टायरचेही तसेच. मोठे आणि रुंद टायर दिसायला रुबाबदार, पण सहसा जड असतात. शिवाय रुंद टायर रस्त्याला जास्त घासतो आणि हवेलाही अडतो. छतावर सामानाचे कॅरिअर बसवले, तर त्याचा परिणाम महामार्गावर जाणवतो, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो.

ऑटोमॅटिक म्हणजे खर्चिक?

"ऑटोमॅटिक गाडी पेट्रोल पिते" हे वाक्य अजूनही ऐकू येते. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून चाकांकडे जाते. त्यात थोडी ताकद वाया जात असे, म्हणून तो समज खोटा नव्हता.

२०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत 'एएमटी' आली. हा मुळात साधाच गिअरबॉक्स. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम माणसाऐवजी यंत्र करते. ते कंटाळत नाही आणि वेळ साधून वरचा गिअर टाकते. २०२४ मध्ये आलेल्या स्विफ्टचे जाहीर मायलेज मॅन्युअलला २४.८० आणि एएमटीला २५.७५ किलोमीटर होते. इथे ऑटोमॅटिकच पुढे गेली! तेव्हा नुसते 'ऑटोमॅटिक' ऐकून मत बनवू नये. ती कोणत्या प्रकारची आहे, हे विचारावे.

इंजिनाचा मदतनीस

वरच्या मॉडेलचे मायलेज नेहमी कमीच, असाही नियम नाही. ब्रेझानेच तो खोटा ठरवला. २०२२ च्या ब्रेझात इंजिनाला एका छोट्या विजेच्या मोटरची जोड होती. यालाच 'माइल्ड हायब्रिड' म्हणतात. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होते, वेग कमी करताना वाया जाणाऱ्या शक्तीचा काही भाग बॅटरीत साठतो आणि वेग घेताना मोटर इंजिनाला थोडा हात देते.

२०२३ मध्ये मॅन्युअल गिअरच्या ब्रेझातून ही सोय काढण्यात आली आणि जाहीर मायलेज थेट १७.३८ वर आले. पुढे ती फक्त वरच्या झेडएक्सआय मॉडेलांत परत आली आणि त्यांचा आकडा पुन्हा १९.८९ झाला. म्हणजे आधी जे खालचे मॉडेल किंचित पुढे होते, तेच आता अडीच किलोमीटरने मागे पडले. गाडीचे नाव आणि रूप तेच, पण आतला मदतनीस गेला होता.

एकाच नावाखाली किती फरक असू शकतो, हे २०२२ च्या ग्रँड विटारावरून कळते. माइल्ड हायब्रिड मॅन्युअलला २१.११ आणि ऑटोमॅटिकला २०.५८. चारही चाकांना ताकद देणाऱ्या मॉडेलला १९.३८, कारण मागच्या चाकांपर्यंत जाणाऱ्या जादा यंत्रणेचे ओझे इंजिनावर पडते. आणि कमी वेगात काही अंतर नुसत्या विजेवर चालणाऱ्या 'स्ट्राँग हायब्रिड'ला तब्बल २७.९७. या शेवटच्या मॉडेलचे इंजिनही वेगळे आहे. तेव्हा "ग्रँड विटारा किती देते?" याचे उत्तर "कोणती?" असेच द्यावे लागते.

किलोमीटर नव्हे, लिटर मोजा

आता खिशाचा हिशेब. समजा, एका कुटुंबाची गाडी महिन्याला १,००० किलोमीटर, म्हणजे वर्षाला १२,००० किलोमीटर धावते. लिटरला २०.१५ किलोमीटरने सुमारे ५९६ लिटर पेट्रोल लागेल आणि १९.८९ ने ६०३ लिटर. फरक वर्षाला आठ लिटरांच्या आत! पेट्रोल १०० रुपये लिटर धरले, तरी जेमतेम ८०० रुपये. पण १७.३८ ने ६९० लिटर लागतील. हा फरक ८७ लिटरांचा, म्हणजे ८,७०० रुपयांचा आहे. पहिला फरक विसरून जावा, दुसऱ्याचा विचार करावा.

दुसरी एक गंमत ध्यानात ठेवावी. मायलेज १० वरून १२ झाले, तर याच अंतरात २०० लिटर वाचतात. २० वरून २२ झाले, तर फक्त ५५. वाढ दोन किलोमीटरचीच, पण बचत सारखी नाही. म्हणून किलोमीटरच्या आकड्याला भुलू नये, वर्षाचे लिटर काढावेत.

त्यानंतर दोन मॉडेलांच्या किमतीतल्या फरकाला वर्षाच्या बचतीने भागावे. किंमत दीड लाखाने जास्त आणि बचत वर्षाला ८,७०० रुपये असेल, तर पैसे वसूल व्हायला सतरा वर्षे लागतील! अशा वेळी वरचे मॉडेल त्यातल्या सोयींसाठी घ्यावे, मायलेजसाठी नव्हे. एअरबॅगसारखी सुरक्षेची साधने असलेले मॉडेल तर मायलेजच्या दोन-तीन दशांशांसाठी कधीच नाकारू नये. त्यांचे वजन थोडे असते, मोल मोठे.

शोरूममध्ये गेल्यावर विक्रेत्याला चार गोष्टी विचाराव्यात. हा आकडा नेमका याच मॉडेलचा आहे का? गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा? इंजिनाला मोटरची जोड आहे का? आणि टायर कोणत्या मापाचे? उत्तरे माहितीपत्रकावरच लिहून घ्यावीत. घरी आल्यावर सर्वांनी मिळून लिटरांचा हिशेब मांडावा आणि मगच बुकिंगचे पैसे भरावेत.