तंतूला टांगलेला स्वर्ग

अलीकडेच एका युवक मेळाव्यात एका सुविद्य वक्त्याने ठासून सांगितले, ‘विश्वाला अकरा मिती आहेत हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. आपल्याला दिसतात चार. मग उरलेल्या सातांत स्वर्ग का नसावा?’ टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मात्र अस्वस्थ झालो. या विधानाचा पूर्वार्ध असत्य आहे आणि उत्तरार्ध स्वर्गाची विटंबना आहे.

मी शास्त्रज्ञ नव्हे. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. गणिताशी शाळेनंतर फारकतच झाली. तरीही गेली दोन वर्षे स्ट्रिंग थिअरी, म्हणजेच तंतु-सिद्धान्त, सर्वसामान्य वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकांतून समजून घेण्याची माझी धडपड चालू आहे.

ही पुस्तके बहुधा व्हायोलिनपासून सुरुवात करतात. एकाच तारेतून जसे निरनिराळे सूर निघतात, तद्वत एका अतिसूक्ष्म तंतूच्या निरनिराळ्या कंपनांतून इलेक्ट्रॉन, प्रकाशकण इत्यादी कण प्रकटतात, अशी ही कल्पना. चर्चच्या गायकवृंदातील व्हायोलिन ऐकत मी वाढलो. मला ती चटकन भावली, आणि तेथेच मी फसलो. व्हायोलिनची तार आपण पाहतो, पिळतो, तुटली तर बदलतो. हा तंतू कोणीही पाहिलेला नाही. प्रोटॉनचे दहा अब्ज भाग करावेत, त्यांतील एकाचे पुन्हा दहा अब्ज भाग करावेत, तेव्हा कोठे त्याची अपेक्षित लांबी हाती येते! उपमा समजूत घालते; साक्ष देत नाही.

मितींचेही तसेच. विहिरीचा दोर दुरून निव्वळ रेषा दिसतो. त्यावरील मुंगीला मात्र त्याला वळसा घालता येतो. त्याप्रमाणे जादा मिती इतक्या घट्ट गुंडाळलेल्या असाव्यात की त्या आपणांस जाणवू नयेत. ‘असाव्यात’ या क्रियापदावर सारा भार आहे. वक्त्याने त्याचे ‘आहेत’ केले. शिवाय, त्या वेटोळ्यात स्वर्ग कोंबायचा म्हणजे संतांना फारच अंग चोरून बसावे लागेल.

या संशोधनाला मी कल्पनाविलास म्हणत नाही. १९६८ साली व्हेनेझियानो यांनी अणुकेंद्रातील बलासाठी एक सूत्र सुचवले; त्यातून हा विचार अंकुरला. १९७४ साली शर्क आणि श्वार्ट्झ यांनी दाखवले की त्यातून गुरुत्वाकर्षणाचा कण आपसूक निघतो. हे विलक्षणच होते. १९९५ साली विटन यांनी पाच वेगवेगळे तंतु-सिद्धान्त हे एकाच अकरा मितींच्या सिद्धान्ताची रूपे असावीत, असे सुचवले. आपल्या देशातील अशोक सेन यांचे या क्षेत्रातील कार्य जगन्मान्य आहे. परंतु गणिताची सुसंगती ही एक गोष्ट, निसर्गाचा कौल ही दुसरी. जिनिव्हाजवळच्या महाकाय यंत्रात २०१२ साली हिग्ज कण सापडला. तंतु-सिद्धान्ताला ज्यांचा आधार हवा, ते महासममितीचे जोडीदार कण अद्याप सापडलेले नाहीत. समीकरणांतून संभाव्य विश्वे निघतात ती एकावर पाचशे शून्ये इतकी, असा एक बहुचर्चित अंदाज आहे. त्यांतले आपले कोणते?

म्हणून माझा रोष शास्त्रज्ञांवर नाही, आपल्यावर आहे. प्रयोगशाळेतून अफवा आली तरी आपण तिला शुभवर्तमान समजतो. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाविषयीच्या नव्या संशोधनाचा सृष्टिनिर्मितीशी संबंध जोडला, तेव्हा अस्वस्थ झाले ते त्या संशोधनाचे एक जनक, स्वतः धर्मगुरू असलेले लमेत्र. आपला सिद्धान्त श्रद्धेच्या बाजूने अथवा विरुद्ध वापरला जाऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या सिद्धान्ताला तर निरीक्षणांचा आधार होता. आम्ही निराधार तंतूला स्वर्ग टांगतो, आणि उद्या तो तुटला तर मुलांना काय सांगणार?

मेळाव्याच्या आयोजकांना मी पत्र लिहिले आहे. पुढील खेपेस भाषणानंतर प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवावा, आणि पहिला प्रश्न ‘हे कोणी मोजले?’ असा विचारण्याची मुभा मला द्यावी, एवढीच विनंती आहे. उत्तर अजून आलेले नाही.