तुमच्या रीजनमध्ये नाही हं!

ईएमआयवर आपण दोनच गोष्टी मनापासून घेतो, फ्लॅट आणि फोन. फ्लॅट घेताना बिल्डरने करारात काय काय गाळलंय हे बघायला वकील लावतो. फोनच्या खोक्यावरची बारीक अक्षरं मात्र कोण वाचतं? मी तरी नव्हती वाचली.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये रात्री साडेदहाला आम्ही ऑफिसची सगळी गँग लॅपटॉपला चिकटून बसलो होतो. नव्या फोनचं लॉन्चिंग! त्यात ते दाखवलं. माणूस डोंगरात अडकलाय, रेंज नाही, तर फोन आकाशाकडे धरायचा, डोक्यावरून जाणारा सॅटेलाइट पकडायचा आणि मदत मागायची. मोकळ्या आभाळाखाली पंधरा सेकंदांत मेसेज जातो म्हणे. दर महिन्याला सह्याद्रीत तंगड्या तोडणाऱ्या माझ्यासारखीला आणखी काय हवं? दिवाळीचा बोनस आला आणि तिकडच्यापेक्षा पंधरा-सोळा हजार जास्त मोजून (टॅक्स, ड्युटी, हो, माहितीये) मी तो घेतला.

पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये आम्ही पाच जण राजगड-तोरणा करत होतो. आळू दरवाजातून उतरून धारेला लागल्यावर तासाभरात एका मित्राचा पाय मुरगळला. मुरगळला कसला, घोटा असा सुजला की बूट काढवेना. चार फोन, चार कंपन्यांची सिमकार्डं, रेंज शून्य. मी हिरॉइनसारखा माझा फोन काढला. वर निळंशार आभाळ, एक झाड आड नाही. सेटिंग्ज उघडली, इमर्जन्सीच्या पानावर गेले, खालवर केलं. सॅटेलाइटची ओळच नाही! बंद केलेलं बटण नाही, करडं पडलेलं नाही. ओळच नाही.

शेवटी आम्हाला वाचवलं ते धारेवरच्या धनगरवाड्यातल्या एका मामांनी. त्यांच्याकडे बटणांचा फोन. ‘‘इथं नाय घावायचा टावर. त्या वरच्या कातळावर जावा, उजव्या अंगाला उभं ऱ्हावा,’’ म्हणाले. उभे राहिलो, दोन कांड्या आल्या, वेल्ह्यातून जीप बोलावली. मामा आणि त्यांच्या मुलाने घोंगडीची झोळी करून मित्राला खालच्या रस्त्यापर्यंत आणलं. घोट्याजवळचं हाड मोडलं होतं, हे रात्री पुण्यात कळलं.

सोमवारी कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती. ‘‘मॅम, हे फीचर तुमच्या रीजनमध्ये अव्हेलेबल नाहीये.’’ का नाही? ‘‘मॅम, ते रीजनवर डिपेंड आहे.’’ हे म्हणजे भाजी खारट का, तर मिठामुळे!

आता गंमत ऐका. माझ्या मावसभावाने हाच फोन पुण्यातल्याच दुकानातून घेतला होता. ऑफिसने त्याला डेन्व्हरला पाठवलं. तिथे त्याच्या फोनमध्ये ती ओळ आहे, शिवाय डेमोही करून बघता येतो. म्हणजे अँटेना आहे, सॉफ्टवेअर आहे, पैसे दिलेले आहेत. फक्त आपण उभे असतो ती जमीन चुकीची.

मग मी जरा खोदकाम केलं. दोष सगळा कंपनीचा नाही, हे आधी कबूल करते. आपल्याकडे सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय वापरणं सोडाच, जवळ बाळगणंही गुन्हा आहे. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्यांकडे तसला फोन होता, त्यामुळे सरकारचं दचकणं समजू शकतं. सॅटेलाइट कम्युनिकेटर बॅगेत घेऊन आलेल्या परदेशी ट्रेकर्सना आपल्या विमानतळांवर अडवल्याच्या बातम्याही तुम्ही वाचल्या असतील. म्हणजे अडचण खरी आहे.

पण मग ते सांगा ना! देशादेशांप्रमाणे फोन बदलतात, हे काही गुपित नाही. चीनमध्ये दोन खरी सिमकार्डं बसणारा फोन मिळतो, अमेरिकेत त्याच नावाच्या फोनला सिमचा खाचाच नसतो. जपानमध्ये फोटो काढताना खटॅक आवाज बंद करता येत नाही. तिथल्या गिऱ्हाइकाला ते ठाऊक असतं. २०१९ चा पिक्सेल ४ आठवतो? त्यातली रडार चिप ६० गिगाहर्ट्झवर चालायची आणि तो बँड आपल्याकडे खुला नव्हता. गूगलने तो फोन इथे आणलाच नाही. तेव्हा मी चिडले होते. आता वाटतं, त्यात निदान एक प्रामाणिकपणा होता. अर्धा फोन पूर्ण किमतीला तर विकला नाही! माझ्या कंपनीने फोन आणला, जाहिरात जगाला दाखवली आणि ‘सर्व ठिकाणी उपलब्ध नाही’ हे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापून हात झटकले. बरं, इतर सोयींचं एक वेळ ठीक. एखादी इमोजी नाही मिळाली तर कुणी मरत नाही. पण जी सोय जीव वाचवायला म्हणून विकता, ती इथे चालणार नाही हे दुकानात, पैसे घ्यायच्या आधी सांगायला नको?

मित्राचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. मामांचा कातळ मी मॅपवर पिन करून ग्रुपवर टाकलाय. आणि कंपनीला एकच प्रश्न विचारणारी मेल पाठवली: भारतात ही सोय चालू करायची परवानगी तुम्ही सरकारकडे मागितली आहे का, हो की नाही? नऊ दिवसांनी उत्तर आलं, त्यात ‘रीजन’ हा शब्द चार वेळा होता, ‘हो’ किंवा ‘नाही’ एकदाही नव्हतं. खाली मात्र लिंक होती, आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी किती तारे द्याल?