माठात नव्हे, कारखान्याच्या मोरीशी

कन्नड तालुक्यात कापसाची वेचणी संपली की शेतात पऱ्हाट्या उरतात, मका निघाला की दाणे काढलेल्या कणसांचे ढीग लागतात. असल्या काडीकचऱ्याचा भुसा पाण्यातले शिसे, तांबे, कॅडमियम, क्रोमियम धरून ठेवतो, हे प्रयोगशाळांत वारंवार दिसले आहे. त्यावरून दोन टोकांची मते ऐकू येतात. मला दोन्ही अमान्य आहेत.

पहिले मत असे: पूर्वज निवळीच्या बीने पाणी शुद्ध करत, तसा आपण माठात भुसा टाकावा. पण निवळीने गाळ खाली बसतो. विरघळलेले शिसे नितळ पाण्यातही राहते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३. धातू इतका विरळ असला की भुशाची पकड ढिली पडते. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमही भुशातल्या धातू धरायच्या जागा अडवते. भुशाचा रंग पाण्यात उतरतो, जंतू वाढतात. पाणी तपासायची सोय नसलेल्या घराला हा उपाय सांगणे घातक आहे.

दुसरे मत म्हणते, आरओ असताना भुसा कशाला? आरओ धातू नष्ट करत नाही. धातू टाकाऊ पाण्यात एकवटतो आणि ते पाणी नाल्यात जाते. कारखान्यात चुना घालून धातू खाली बसवतात. दाट सांडपाण्याला ते ठीक, पण थोडा अंश निसटतोच. नेमका तोच भुशाने टिपावा. सेल्युलोज, लिग्निन, टॅनिन यांतले कार्बॉक्सिल आणि हायड्रॉक्सिल गट धातूचे आयन धरतात. शिसे, तांबे सामू ५ ते ६ असताना चांगले चिकटतात. पाणी फार आम्ल झाले की हायड्रोजनचे आयनच त्या जागा बळकावतात. सहा संयुजेच्या विषारी क्रोमियमचे उलटे: त्याला सामू २ च्या आसपास लागतो, आणि भुसाच त्याचे तीन संयुजेच्या, कमी विषारी रूपात क्षपण करतो. म्हणून सरसकट एकच टाकी बांधून भागणार नाही.

तेव्हा या भुशाची जागा वाळूज-चिकलठाण्यातल्या धातूंवर मुलामा चढवणाऱ्या लहान कारखान्यांच्या मोरीशी आहे. वाळूजलगतची खाम नदी नाथसागर जलाशयाकडे वाहते, आणि छत्रपती संभाजीनगर शहर नाथसागराचेच पाणी पिते. ग्रॅमला २० मिलिग्रॅम पकड धरली आणि धुण्याच्या पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम धातू असला, तर किलोभर भुसा फार तर हजार लिटरला पुरेल. हे जमण्यासारखे आहे. मात्र ‘फुकटचा कचरा’ हा शब्दप्रयोग थांबवावा. पऱ्हाटी चुलीला लागते, उसाची चिपाडे साखर कारखान्याच्या बॉयलरला. शेतकऱ्याला पऱ्हाटीचे पैसे मिळालेच पाहिजेत.

धातूने भरलेला भुसा बांधावर फेकला किंवा जाळला, तर विष मातीत किंवा राखेत जाते. सौम्य आम्लाने धुऊन धातू परत मिळवता येतो. भुसा निकामी झाला की तो पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पासारख्या ठिकाणीच पाठवायला हवा. हा खर्च धरल्याशिवाय कोणी ‘स्वस्त’ म्हणू नये. पुष्कळ प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्यात धातूचा क्षार विरघळवून होतात. म्हणून कन्नडच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपल्या पऱ्हाटीचा भुसा वाळूजच्या खऱ्या सांडपाण्यावर तपासावा, आणि कारखानदारांनी त्यांना ते पाणी द्यावे.