इराण म्हणजे फक्त फारसी नव्हे

“मुसलमान असून मराठी इतकं छान कसं बोलता?” हा प्रश्न ऐकला की आपल्याला राग येतो, आणि तो रास्तच आहे. मुसलमान म्हणजे उर्दू, हे समीकरण आपण कुणाला मांडू देत नाही. पण इराणचा विषय निघाला की आपणही तेच करतो. इराण म्हणजे फारसी, इराण म्हणजे शिया. संपलं.

तबरीझमध्ये घराघरात अझेरी तुर्की बोलतात. शहरियार हा इराणचा लाडका फारसी कवी, पण त्याची गाजलेली ‘हैदर बाबाया सलाम’ ही कविता तुर्कीतली आहे. १९०८ साली शाहच्या फौजेविरुद्ध संविधानासाठी तबरीझ लढवणारा सत्तारखान अझेरीच. शिया पंथ राजधर्म झाला तो १५०१ मध्ये, आणि तो करणारा शाह इस्माईल स्वतः तुर्कीत कविता करायचा! शिवाय पश्चिमेला कुर्द, खुझिस्तानात अरब, आग्नेयेला बलुच, ईशान्येला तुर्कमेन. यांतले बलुच, तुर्कमेन आणि बरेचसे कुर्द सुन्नी आहेत.

राज्यघटनेचं १५वं कलम प्रादेशिक भाषांचं साहित्य शाळेत शिकवायला मुभा देतं. ती मुभा बहुतांशी कागदावरच राहिली. ११५व्या कलमानुसार राष्ट्राध्यक्ष राज्याच्या अधिकृत पंथाचाच हवा, म्हणजे सुन्नी माणसाला ते दार बंद. ज्यू, ख्रिस्ती आणि झरथुष्ट्री यांना संसदेत मिळून ५ राखीव जागा आहेत. बहाईंना तर मान्यताच नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये सक्केझची कुर्द तरुणी महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली. घरचे तिला जिना म्हणत. त्याच महिन्याच्या ३० तारखेला जाहेदानमध्ये जुम्म्याच्या नमाजनंतर सुरक्षा दलांनी गोळ्या झाडल्या, डझनावारी बलुच मारले गेले. नमाजी मुसलमान होते ते. आपल्यातले किती जण बोलले? गाझावर रोज स्टेटस ठेवणारे (ठेवायलाच हवेत) इथे गप्प, कारण म्हणे, बोललो तर अमेरिका-इस्रायलचं फावतं, इराण फुटतो.

इराण इतका ठिसूळ नाही. १९८० मध्ये सद्दामने हल्ला केला तेव्हा खुझिस्तानातले अरब आपल्या बाजूने उठतील, हा त्याचा हिशेब होता. बहुतेक उठले नाहीत. आपल्या भाषेची शाळा मागणाऱ्यावर फुटीरतेचा शिक्का मारणारे तेहरानात आहेत. ते काम आपण इथे बसून कशाला करायचं?