विश्लेषण : विंडोज ११ साठी जुन्या पीसीचा मदरबोर्ड बदलणे परवडेल का?

उत्पन्नाचा दाखला, सीईटीचा अर्ज, पीकविमा, मोंढ्यातल्या आडतीचा जीएसटी परतावा. नांदेड-लातूरमध्ये ही कामे करणारा पीसी आठ-दहा वर्षे जुना असणे नवीन नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. पीसी चालतोय, पण नव्या त्रुटींवर सुरक्षा अपडेट नाही. त्यावर लोकांची आधार कार्डे, बँक पासबुके आणि डिजिटल स्वाक्षरी असेल तर प्रश्न फक्त तुमच्यापुरता राहत नाही. दुकानदार म्हणतो, ‘बोर्ड बदलून टाका.’ बदलावा का?

बोर्ड बदलला की काय काय बदलते?

विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीचा आय-३ असेल तर नव्या बोर्डवर तो बसतच नाही. त्याची डीडीआर-३ रॅमही बसत नाही. म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम असा तिहेरी खर्च. त्यात एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅम कडाडली आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

सहाव्या-सातव्या पिढीच्या पीसीत मात्र बहुधा डीडीआर-४ असते. तिथे हिशेब वेगळा. एच-६१० चिपसेटचे बोर्ड डीडीआर-४ प्रकारातही मिळतात आणि त्यावर बारावी पिढी चालते. जुनी रॅम वाचते. बोर्ड मागताना ‘डीडीआर-४ वाला’ असे स्पष्ट सांगा, नाहीतर डीडीआर-५ चा गळ्यात पडेल. सातव्या पिढीच्याच बोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर टाकू, असा विचार असेल तर तो सोडा. सॉकेट दिसायला सारखे, पण इंटेलने तो मार्ग बंद ठेवला आहे.

एएमडीचे एएम-४ बोर्ड असणारे नशीबवान. बोर्ड उत्पादकाच्या संकेतस्थळावर यादी पाहून बायोस अपडेट केले, तर अनेक जुन्या बोर्डांवर रायझन ५००० मालिका चालते. बोर्डला हात लावायची गरज नाही.

ब्रँडेड पीसीचे काय?

डेल, एचपी, लेनोवोच्या तयार डेस्कटॉपमध्ये बोर्डचा आकार आणि वीजजोडणी अनेकदा वेगळी असते. बाजारातला बोर्ड त्या कॅबिनेटमध्ये नीट बसत नाही. शिवाय सोबत आलेला ओईएम विंडोज परवाना साधारणपणे त्या बोर्डशीच बांधलेला असतो. नव्या परवान्याचा खर्च दुकानदाराच्या कोटेशनमध्ये दिसतो का, ते पाहा. सहसा दिसत नाही. अशा वेळी आठव्या पिढीपुढच्या रिफर्बिश्ड पीसीचा वॉरंटीसह दर विचारणे अधिक शहाणपणाचे.

खिशात हात घालण्यापूर्वी

विंडोज आणि ‘आर’ ही बटणे एकत्र दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ इंग्रजीत टाइप करा. प्रोसेसर पात्र असूनही टीपीएम दिसत नसेल, तर ते बायोसमध्ये नुसते बंद असू शकते. इंटेलमध्ये ‘पीटीटी’, एएमडीत ‘एफटीपीएम’ या नावाने ते सुरू करता येते. खर्च शून्य.

तक्रार फक्त ‘पीसी हळू चालतो’ एवढीच असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दोष बहुधा बोर्डचा नाही. एसएसडी टाका. पुढे नवा पीसी घेतलात तरी ती काढून त्यात लावता येते.

वैयक्तिक वापराच्या विंडोज १० पीसीला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला की त्यासाठी पैसे लागत नाहीत. कंपन्यांना वेगळे शुल्क आहे.

बोर्ड खरोखरच जळाला असेल तर? व्होल्टेजच्या चढउतारात ते होतेच. तेव्हा एच-६१ किंवा एच-८१ चा ‘नवा’ बोर्ड स्वस्तात पुढे केला जातो. त्यावर जुना प्रोसेसर आणि जुनी रॅम चालते, पीसी उभा राहतो. पण विंडोज ११ च्या पात्रतेत तो बसत नाही. ज्या पीसीवर लोकांची कागदपत्रे हाताळली जातात, त्यात हे पैसे घालू नयेत.