आजीचा 'थ' आणि सरांचा 'त'

सल्ला देणं हा आम्हा मास्तरणींचा आवडता छंद. कुणी विचारो न विचारो, आमची जीभ शिवशिवतेच! आज मात्र मी दिलेला एक सल्ला कसा फसला, ते सांगणार आहे. तुमच्या घरी एखादं मूल श्लोक, गाणं किंवा कुराण मोबाईलवर शिकत असेल, तर तुम्हालाही त्याचा उपयोग होईल.

माझं माहेर अलिबागचं. आमच्या घरापासून चार पावलांवर इस्राएल आळी. तिथली माझी बालमैत्रीण बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातली मराठी ज्यू. या लोकांचे पूर्वी तेलाचे घाणे असत. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. लहानपणी शुक्रवारी दिवेलागणीला मी मुद्दाम तिच्याकडे जायची. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल आणि त्यात तेवणारी वात. त्या उजेडात सगळं घर कसं शांत वाटे!

मैत्रिणीचं सासरही अलिबागचंच. तिचा मुलगा आता बारा वर्षांचा. ज्यू मुलाची तेरा वर्षं पूर्ण झाली की तो धर्माच्या दृष्टीनं जाणता होतो. त्याला 'बार मित्झवा' म्हणतात. त्या वेळी सिनेगॉगमध्ये सर्वांसमोर तोराच्या गुंडाळीतून हिब्रू वाचावं लागतं. पण शिकवणार कोण? १९४८ साली इस्राएल देश झाला आणि पुढच्या काळात बहुतेक घरं तिकडे गेली. आळीत आता मोजकी कुटुंबं उरली आहेत. शेवटी तिकडच्या एका नातेवाइकानं तिकडचेच एक सर मिळवून दिले आणि मोबाईलवर वर्ग सुरू झाला. "तू शिक्षिका आहेस, सगळं कसं बसवू ते सांग," असा मैत्रिणीचा फोन आला.

मला तर स्फुरणच चढलं! २०२० साली शाळा बंद झाल्या, त्यात ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आंजर्ल्यात माडपोफळी झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक दिवस अंधार. रेंज मिळावी म्हणून कड्यावरच्या गणपतीच्या वाटेवर दगडावर बसून मी मुलांना धडे पाठवले होते. मोबाईलवरच्या शिकवण्यातलं मला सगळं कळतं, अशी माझी समजूत झालेली.

मी झोकात वेळापत्रक करून दिलं. रविवार आणि बुधवार, संध्याकाळी सात वाजता. त्यांच्या घरी शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत मोबाईल कपाटात ठेवतात, तेव्हा ते दिवस वगळले. इथवर ठीक होतं. पण पुढे मी म्हटलं, "सासूबाईंना सांग, सध्या काही शिकवू नका. त्या 'शब्बाथ' म्हणतात, सर 'शब्बात' म्हणतात. दोन उच्चारांनी मुलाचा गोंधळ होईल."

दिवाळीच्या सुट्टीत वेसवीहून जंगलजेट्टीनं खाडी ओलांडून मी माहेरी गेले. शुक्रवार होता, संध्याकाळी मैत्रिणीकडे गेले. मुलगा खडाखडा हिब्रू वाचत होता. उजवीकडून डावीकडे बोट कसं सरसर चालत होतं! मला धन्य धन्य वाटलं. मग दिवा लागला. पेल्यावर आशीर्वाद म्हणायची वेळ झाली आणि पोरगा थबकला. शब्द सगळे पाठ, पण पेला कुठल्या हातात धरायचा, उभं केव्हा राहायचं, पहिला घोट कुणी घ्यायचा, काहीच ठाऊक नाही. शिवाय पेलाच रिकामा! त्यांच्याकडे द्राक्षांच्या मद्याऐवजी काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत करतात. मनुका भिजवणं हे आजींचं काम. त्या दिवशी त्यांनी भिजवल्याच नव्हत्या.

आजी मांडीवर हात ठेवून कोपऱ्यात बसल्या होत्या. मी जवळ गेले, तशा हळूच म्हणाल्या, "आता मी काय बोलत नाय, बाय. माझं चुकीचं असतं ना?"

काय सांगू, माझा घास घशातच अडकला. त्यांना गप्प बसवणारी मी होते!

रात्री झोप आली नाही. या समाजाची मोठ्यांकडून ऐकलेली कथा आठवत राहिली. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. ग्रंथ समुद्रात गेले, पण शनिवार पाळणं, मुलाची आठव्या दिवशी सुंता करणं आणि 'शमा' ही प्रार्थना एवढं टिकलं. पुढे दावीद राहाबी नावाचे एक ज्यू गृहस्थ आले. हे लोक खरंच ज्यू का, ते पाहायला त्यांनी बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले. बायकांनी खवलं आणि पर असलेले मासे तेवढे निवडले आणि बाकीचे बाजूला सारले. हीच त्यांची ओळख पटली! कथा खरी मानायची की नाही हे अभ्यासक ठरवोत. पण सणांची नावं पाहा ना. नवं वर्ष म्हणजे 'नव्याचा सण', मंदिराच्या विध्वंसाचा उपास म्हणजे 'बिरड्याचा रोजा'. पंचांग हाताशी नव्हतं, तेव्हा ते स्वयंपाकघरानं सांभाळलं.

बाहेरून येणारे गुरूही या समाजाला नवे नाहीत. एकोणिसाव्या शतकात कोचीचे ज्यू शिक्षक आले. १८२९ साली आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन तर मराठी शिकायला आमच्या बाणकोट-हर्णे भागात राहिले होते. १८३२ साली त्यांनी बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. लोकांनी अक्षरं घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाची पोथी, 'हग्गादा', हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत आपल्याकडच्या वेषातल्या बायका बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दिसतात. म्हणजे अक्षर लांबून आलं तरी घरची रीत पुस्तकातून हद्दपार झाली नव्हती. ती मी केली!

आजींचं मन इतकं का दुखावलं, तेही मग उमगलं. इस्राएलात गेलेल्या त्यांच्या माणसांना तिथल्या धर्मगुरूंनी "तुम्ही पुरते ज्यू आहात का?" असं लग्नाच्या वेळी विचारलं होतं. मोठं आंदोलन झालं, तेव्हा १९६४ साली तिथल्या सरकारनं त्यांना बरोबरीचे मानलं. एवढं सोसलेल्या घरात "तुमचा उच्चार चूक" हे शब्द साधे राहत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर सिनेगॉगपर्यंत चालत गेले. वाटेत मुलगा एकदम म्हणाला, "मावशी, आपल्या सिनेगॉगचं नाव 'मागेन अबोथ'. सर त्याला 'अवोत' म्हणतात. मग आपल्या नावात आजीचा 'थ' कसा?" घ्या! आजींचा उच्चार चूक नव्हता, जुना होता. १८४८ पासून त्या सिनेगॉगच्या नावात तो बसला आहे. रविवारी मुलानं सरांनाही हाच प्रश्न केला. ते हसून म्हणाले, "माझी आजीसुद्धा 'थ'च म्हणायची. दोन्ही शिकून घे."

मी आजींची माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, पण उठल्या आणि मनुकांचा डबा काढून नातवाच्या हातात दिला.

आता नवी घडी बसली आहे. तुमच्या उपयोगाची म्हणून सांगते.

अक्षरओळख, वाचन आणि चाल एवढं मोबाईलवर. सरांनी म्हटलेलं ध्वनिमुद्रित करून ठेवायचं आणि रोज पंधरा मिनिटं ऐकायचं. रेंज गेली तरी धडा अडत नाही.

हातानं करायचं ते आजींकडे. वात लावणं, मनुका भिजवणं, मलिद्याला पोहे, गूळ आणि खोबरं कालवणं. मांसाच्या जेवणानंतर दुधाऐवजी नारळाचं दूध का, हे पातेल्याशीच कळतं.

वर्गानंतर मुलानं त्या दिवसाचा धडा आजींना वाचून दाखवायचा आणि आजींनी त्या वेळची घरची रीत सांगायची. त्यामुळे दोन्ही गुरूंची गाठ पडते.

आणि परदेशातले सर असतील तर घड्याळ सांभाळा! इस्राएल आपल्या मागे उन्हाळ्यात अडीच तास, हिवाळ्यात साडेतीन. ऑक्टोबरअखेर तिकडचं घड्याळ बदललं आणि पोरगं सातला बसून राहिलं, सर उगवले आठला.

एक अडचण मात्र उरली होती. तोरा वाचायला सिनेगॉगमध्ये दहा पुरुष हजर लागतात. त्या शनिवारी मी मोजले, सातच होते. पडद्यावरचा माणूस दहात धरत नाहीत. पनवेल-ठाण्याचे नातेवाईक शनिवारी गाडीनं येऊ शकत नाहीत, कारण त्या दिवशी प्रवास वर्ज्य. मैत्रीण रडकुंडीला आली होती. तोडगा आजींनीच काढला. म्हणाल्या, "अगं, तोरा सोमवारी नि गुरुवारी सकाळी पण वाचतात. गुरुवार धरा. गाड्या येतील आणि तुमचा तो मोबाईलही चालेल, सर तिकडून बघतील."

ही गोष्ट ना मला सुचली होती, ना माझ्या वेळापत्रकाला!

तेव्हा मैत्रिणींनो, घरी नवा वर्ग लावाल तेव्हा आधी घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "तुम्ही यातलं काय शिकवाल?" गुरुवार ठरला आहे. मलिद्याचे पोहे आंजर्ल्याहून मी नेणार आहे.