टोक मोडलेला गळ

मासा गळाला लावून, दमवून, हातात धरून पुन्हा पाण्यात सोडणं ही दया नव्हे. हे वाक्य आधीच लिहून टाकते. आधी दुखवायचं, मग सोडायचं, आणि सोडल्याचं पुण्य मात्र पदरात पाडून घ्यायचं, हा हिशेब मला पटत नाही.

माझा एक भाचा बंगळूरला नोकरीला आहे. हिमाचलात तीर्थन नावाची नदी आहे, तिच्यात ट्राउट मासे आहेत. मार्चात हंगाम उघडला की तो परवाना काढून तिकडं जातो. घरात सगळे शाकाहारी, हाही शाकाहारी. मी विचारलं, तर म्हणाला, "मावशी, सोडतोय की! मारतोय कुठं?" हे उत्तर त्याच्या एकट्याचं नाही. जगभर या छंदाचे लोक हेच सांगतात आणि अगदी मनापासून सांगतात. म्हणून त्याची नीट झडती घ्यायला हवी.

माझा वाद भोयांशी किंवा कोळ्यांशी नाही, हे आधीच सांगते. घटप्रभेच्या नाहीतर मलप्रभेच्या काठी जाळं टाकणाऱ्याच्या मागं चूल आहे, पोरं आहेत. त्याच्या धंद्याबद्दल आपल्या धर्माचं मत काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो खोटं बोलत नाही. मासा कशासाठी हवा ते त्याला माहीत असतं, आणि मासा आपल्याला आवडतो म्हणून त्याच्यावर उपकार करतोय असं तो म्हणत नाही. माझा प्रश्न आहे तो ज्याला मासा खायचा नाही, विकायचा नाही, तरी गळाला हवाच आहे, त्याला.

या खेळाला फ्लाय फिशिंग म्हणतात. पिसं, केस आणि दोरा गुंडाळून पाण्यावरच्या माशीसारखं, किड्यासारखं एक आमिष करतात. ते इतकं हलकं की स्वतःच्या वजनानं लांब जात नाही. म्हणून दोरच जड ठेवतात आणि काठीच्या लयीत तो हवेत मागं-पुढं खेळवून आमिष नेमक्या जागी अलगद उतरवतात. शिकायला वर्षं लागतात. पाणी वाचावं लागतं. कुठल्या दगडाआड प्रवाह मंदावतो, आज कुठला किडा पाण्यावर उतरलाय, मासा कुठं दबा धरून आहे, सगळं बघावं लागतं. यातली कारागिरी मी नाकारत नाही. भाचा सांगतो तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं. तो म्हणतो, पहाटेची शांतता, गुडघाभर गार पाणी, आणि पाणी फोडून मासा वर येतो तो क्षण, बस्स, त्यासाठी जातो.

बरं. मग त्यासाठी गळाचं टोक कशाला लागतं?

हा प्रश्न मी घरबसल्या काढलेला नाही. या खेळातल्याच एका पट्टीच्या माणसानं तो स्वतःच्या हातानं सोडवून दाखवलाय. अमेरिकेत ओरेगन राज्यात नॉर्थ अम्पक्वा नावाची नदी आहे. समुद्रात जाऊन मोठे होणारे आणि अंडी घालायला नदीत परतणारे स्टीलहेड मासे तिच्यात येतात. त्यांच्यासाठी ती नदी गळवाल्यांत तीर्थक्षेत्रासारखी मानली जाते. ली स्पेन्सर हा पुरातत्त्वाचा अभ्यासक तिथलाच गळवाला. त्यानं आपल्या आमिषांच्या आकड्यांची टोकं कापून टाकली. दोर तोच, काठी तीच, नदी तीच. मासा येतो, आमिष तोंडात धरतो, हाताला झटका कळतो, आणि मासा आमिष सोडून निघून जातो. ओठाला भोक नाही, ओढाताण नाही, हवेत धरून ठेवणं नाही. पहाट, शांतता, गार पाणी, वर येणारा मासा, माझ्या भाच्यानं मोजलेलं सगळं त्याला मिळालं. एकही गोष्ट कमी पडली नाही.

म्हणून टोक मोडलेला गळ ही मी कसोटी धरते. टोक कापा आणि नदीवर जा. आनंद तेवढाच राहिला तर तुम्ही खरं बोलत होतात. आनंद ओसरला, तर तो पाण्यात नव्हता आणि पहाटेतही नव्हता, हे कबूल करा. जीव वाचवायला धडपडणाऱ्या प्राण्याच्या ओढीत तो होता. मासा "छान लढला" म्हणतात ना, ते लढणं म्हणजे माशाचा पळून जाण्याचा प्रयत्न. त्यानं कुणाला आव्हान दिलेलं नसतं.

यावर जी उत्तरं येतात ती एकेक घेऊ.

पहिलं, माशाला दुखत नाही. २००३ साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउटच्या ओठात मधमाशीचं विष आणि सौम्य आम्ल टोचून पाहिलं. (हा प्रयोगही मला रुचत नाही, पण झालाय खरा.) इजा ओळखणारे मज्जातंतू त्या ओठात सापडले. मासे जोरजोरात श्वास घेऊ लागले, अंग डोलवू लागले, काहींनी ओठ खालच्या खड्यांवर घासले, आणि बराच वेळ अन्नाला तोंड लावलं नाही. जेम्स रोझ यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात, माणसासारखं मेंदूचं बाह्यक माशाला नाही, म्हणून याला वेदना म्हणू नये. शब्दांचा वाद त्यांनी खुशाल चालवावा. ओठ दगडावर घासणाऱ्या जिवाला काय होतंय हे कळायला आपल्याला पदवी लागत नाही. आणि शंका असेलच, तर शंकेचा फायदा ज्याच्या तोंडात आकडा आहे त्याला द्यायचा, ज्याच्या हातात काठी आहे त्याला नाही.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. गळवाले नदी राखतात म्हणे. आपल्या कर्नाटकात कावेरीवर भीमेश्वरी, गालिबोरे इथं महाशीर पकडून सोडण्याचे तळ होते. वन्यजीव कायद्यावर बोट ठेवून ते बंद झाले, तेव्हा पुष्कळांनी हळहळ केली की आता सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना अडवणार कोण? राखण होत होती, हे मी मान्य करते. पण त्याच कावेरीची दुसरी बाजूही बघा. गळवाल्यांना मासे मिळावेत म्हणून बाहेरचा निळ्या परांचा महाशीर तिथं सोडला गेला. त्या नदीचा स्वतःचा कुबडाचा महाशीर २०१८ साली जगाच्या धोक्याच्या यादीत अगदी वरच्या पायरीवर, नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर, नोंदवला गेला. त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत अभ्यासक या बाहेरच्या माशालाही धरतात. खेळाचं प्रेम असं असतं, खेळायला जे लागतं ते वाढवतं.

आणि राखणीला आकडा लागतो हेच मुळात खोटं. तोच ली स्पेन्सर वर्षानुवर्षं मे ते डिसेंबर स्टीमबोट नावाच्या ओढ्यावरच्या एका डोहाकाठी कुत्र्याला घेऊन बसून राहिला. उन्हाळ्यात शेकडो स्टीलहेड त्या गार डोहात गोळा होतात. पूर्वी चोर तिथं सुरुंग टाकायचे. हा नुसता बसला, बघितलं, वहीत टिपलं. आकड्याविना राखण झाली. आपल्याकडं तर याचे दाखले जुनेच आहेत. शृंगेरीला तुंगेच्या घाटावर चुरमुरे टाकले की हातभर मासे पायाशी येतात. तिथं कुणी गळ टाकत नाही. मासा वर येताना बघण्याचा आनंद लहान पोराला तिथं फुकट मिळतो.

तिसरी गोष्ट कायद्याची. स्वित्झर्लंडनं २००८ साली नियमच केला की सोडून देण्याच्या हेतूनं मासा पकडायचा नाही. जर्मनीचा प्राणिरक्षण कायदा म्हणतो, योग्य कारणाशिवाय प्राण्याला वेदना देऊ नये. आपल्या लोकांना हे उलटं वाटेल. मारलं तर चालतं आणि सोडलं तर गुन्हा? मारणं मला चालत नाही, तो भाग वेगळा. पण कायद्याचा रोख कारणावर आहे, आणि आपल्या श्रावकाच्या बारा व्रतांतही अनर्थदंडाचा त्याग सांगितलाय तो याचसाठी. अनर्थ म्हणजे प्रयोजन नसलेला. उगाच माती उकरणं, उगाच पाणी सांडणं, जाता जाता झाडाचं पान तोडणं. पान तोडताना थांब म्हणणारा विचार ओठ फोडताना गप्प बसेल होय?

आता आपल्यातले काही म्हणतील, टोक कापलं तरी फसवणूक राहिलीच की. मासा किडा समजून आला, हाती पिसं लागली, धावपळ फुकट गेली. अगदी बरोबर. स्पेन्सरला मी अहिंसेचं प्रमाणपत्र देत नाही. काठावर नुसतं बसणं त्याहून वरचं, आणि तेही त्यानंच करून दाखवलं. पण फसून परत गेलेला मासा आणि ओठ फाटून परत गेलेला मासा यांत फरक नाही असं म्हणणाऱ्याचा सोवळेपणा माशाच्या काही कामाचा नाही. त्या सोवळेपणाला आधी स्वतःच्या गच्चीवर पाठवा. बडोद्याला माझ्या नणंदेच्या सोसायटीत उत्तरायणाला आपलीच घरं काचेचा मांजा घेऊन गच्चीवर असतात, आणि संध्याकाळी तीच घरं जखमी पाखरांच्या दवाखान्याला देणगी देतात. सकाळी कापायचं, संध्याकाळी मलम लावायचं. यात आणि माझ्या भाच्याच्या "सोडतोय की" मध्ये काय फरक आहे, तुम्हीच सांगा. पतंग साध्या दोऱ्यानंही उडतो. काच लागते ती दुसऱ्याचा पतंग कापायला.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. छंद सोडा, असं मी भाच्याला म्हटलेलं नाही. पक्कड घे आणि टोक काप, एवढंच म्हटलंय. तो म्हणाला, "मग फोटो कसा काढू, मावशी?" खरं उत्तर हेच होतं. शांतता, पहाट, नदीचं प्रेम यांतलं काही त्याला त्या वेळी आठवलं नाही. त्याला हवा होता हवेत धरलेला, श्वासाला आसुसलेला मासा आणि त्यामागं हसणारा स्वतःचा चेहरा.

ज्यांना नदी हवी आहे त्यांनी टोक कापावं. ज्यांना फोटो हवा आहे त्यांनी निदान दयेचं नाव घेऊ नये.